चौकशीवाले कंट्रोलर मामा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांनंतर मी शिरूरच्या कंट्रोलर मामांचं नाव घेतो. हे वाक्य मात्र मला त्यांच्यासमोर बोलता येत नाही. 'उपकार' हा शब्द त्यांच्या केंद्रात बंद आहे. तो कुणाच्या तोंडून निघाला की मामा खिडकीची फळी खाडकन खाली पाडतात आणि त्या माणसाला पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहावं लागतं. 'बिचारा', 'मेहरबानी' आणि 'आम्हा अडाण्याला काय कळतंय' यांनाही हीच शिक्षा. मी पहिल्याच आठवड्यात तीन वेळा रांगेच्या शेवटी गेलो होतो.

कंट्रोलर मामा हे त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगणारे आणि माइकवरून 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' म्हणणारे. निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या चार मंडळींच्या मागे लागून समाजमंदिराची एक खोली मिळवली आणि तिथं दिव्यांगांसाठी माहिती आणि सल्ला केंद्र सुरू केलं. दाखला कुठं मिळतो, कार्ड कसं निघतं, शाळा कुठली, सवलत कशाची, अर्ज कुणाकडे, हे सगळं तिथं सांगायचं. सांगायची पद्धत मात्र त्यांनी स्टँडवरून जशीच्या तशी उचलून आणली. सुतार गाठून त्यांनी खोलीच्या मधोमध लाकडी आडोसा घालून घेतला, त्याला अर्धगोल खिडकी पाडली, आणि आत स्वतः खाकी शर्ट घालून बसले. हा खाकी शर्ट नोकरीतला नव्हता. नोकरीतले फाटले तेव्हा त्यांनी दोन नवे शिवून घेतले होते.

"मामा, एवढ्याशा खोलीत भिंत कशाला घातलीत?" मी एकदा विचारलं होतं.

"मोकळं बसलं की मानूस हात जोडतो," ते म्हणाले. "खिडकी असली की विचारतो."

भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर वेळापत्रकासारखे रकाने. सुटण्याचे ठिकाण, थांबे, पोहोचण्याचे ठिकाण. उदाहरणार्थ 'दिव्यांग कार्ड' या गाडीचे थांबे असे: आधार, फोटो, ऑनलाइन नोंद, दवाखान्याची तारीख, तपासणी. शेवटी, 'कार्ड घरी पोहोचेल. न पोहोचल्यास खिडकीवर यावे.' निराधारच्या पगाराची, म्हणजे सरकारी पेन्शनची, गाडी लांब पल्ल्याची, तिच्यापुढे लाल खडूनं लिहिलेलं, 'तहसीलला गाडी बदलावी लागेल.' लोक आधी हसायचे. पण ज्यांना वाचता यायचं नाही त्यांनासुद्धा, आपण आता तिसऱ्या थांब्यावर आहोत, अजून दोन बाकी आहेत, एवढं बोटावर मोजता यायचं.

माणसांना ते नावानं हाक मारायचे नाहीत. गावानं मारायचे. 'न्हावरे, म्होरं ये. मांडवगण, बसून घ्या. रांजणगाव, तुमचा फोटो चालनार न्हाई, डोळं मिटल्यात.' मी न्हावऱ्याचा, म्हणून आजही त्यांच्या लेखी मी न्हावरेच. आमच्या गावाचा दुसरा कुणी आला तर तो 'न्हावरे जादा'.

आता त्या बोर्डाविषयी सांगतो. केंद्राचं लांबलचक अधिकृत नाव दारावर बारीक अक्षरांत होतं. त्याच्या वर मामांनी स्वतःच्या हातानं, ढब्बू अक्षरांत, एकच शब्द रंगवला होता: चौकशी. तीस वर्षं ते त्या शब्दाखाली बसले होते, त्यांना तो घरच्यासारखा वाटायचा. पण आमच्या भागात 'चौकशी' दुसऱ्या अर्थानंही माहीत आहे. चौकशी लागली म्हणजे माणूस अडकला. झालं असं की केंद्र उघडून दोन महिने झाले तरी कुणी फिरकेना. उलट गावोगावी बातमी पसरली की शिरूरला एक खाकीवाला बसलाय, तो लंगडं खरं का खोटं हे तपासतो आणि पगार बंद करतो. एका गावात तर दोन कुबड्या माळ्यावर लपवल्या गेल्या.

पहिली आली ती वडगाव रासाईची एक बाई. तिच्याबरोबर नऊ वर्षांची मुलगी. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ही बाई सल्ला घ्यायला आलीच नव्हती, शरण यायला आली होती. हा प्रसंग मला तिनं स्वतः सांगितलाय, आणि सांगताना अजूनही तिला हसू आवरत नाही.

"सायेब, आमची चौकशी करू नगा," ती खिडकीत म्हणाली. "पोरगी खरंच बहिरी हाय. देवीची आन."

"खोटी हाय म्हनलं कोन?" मामा चक्रावले.

"भायेर लिवलंय की तुमीच."

मामा उठून बाहेर गेले. बोर्डाकडे बराच वेळ बघत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "बाई, चौकशी आमी तुमची न्हाई करायची. तुमी आमची करायची. विचारा."

"काय इचारू?"

"हितंच तर घोडं अडतंय," मामा म्हणाले. "बसा."

त्या दिवशी तिला कळलं की आपल्या मुलीसारख्यांसाठी वेगळी शाळा असते. नऊ वर्षं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी शाळेत गेली आणि बाई केंद्रात येत राहिली, आधी पाणी भरायला, मग फॉर्म समजावून द्यायला. मामा तिला 'रासाई' म्हणायचे. आमच्या भागात हे देवीचं नाव, त्यामुळे नवीन माणूस दचकायचा. मी तिला मावशी म्हणतो.

मंडळींनी मामांना सांगून पाहिलं की बोर्ड बदला, 'मदत केंद्र' लिहा, 'सेवा केंद्र' लिहा. मामा ऐकेनात. 'मदत' या शब्दावरही त्यांचा राग होता. शेवटी त्यांनी 'चौकशी'च्या खाली एक ओळ वाढवली: 'तुम्ही आमची करावी.' बाहेरच्या टपरीवरचा चहावाला रोज विचारायचा, "काय मामा, आज कोन करनार तुमची चौकशी?" मामा म्हणायचे, "तुझ्या दुधात पानी किती, त्याची आधी हू दे."

मी त्या दारात शिरलो तो या बोर्डामुळेच.

मी अकरा वर्षांचा असताना माझा उजवा हात कडबा बारीक कापणाऱ्या कुट्टी मशीनमध्ये गेला. अंगठा राहिला, चार बोटं गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरी दुभती जनावरं आहेत त्यांना ते मशीन माहीत आहे. मी डाव्या हातानं लिहायला शिकलो. अक्षर बरं यायचं, पण सावकाश. सहावीपासून माझा एकही पेपर कधी पूर्ण झाला नाही. उत्तरं यायची, वेळ संपायचा. गुरुजी म्हणायचे, 'जेवढं लिहिलंय तेवढं छान आहे.' दहावी कशीबशी निघाली. बारावीत दोन विषय राहिले, इतिहास आणि मराठी. दोन्ही भरपूर लिहायचे. पुन्हा बसलो, पुन्हा राहिले. वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हात गेला, पोरगं ऱ्हायलं, आमाला पुरं हाय." ते प्रेमानंच म्हणाले. रांजणगावला एका ठेकेदाराकडे कामाला विचारायला गेलो तर त्यानं गेटवरच हाताकडे बघून मान हलवली. तिथून परत येताना शिरूरला उतरलो. न्हावऱ्याची पुढची गाडी कधी आहे ते विचारायचं होतं. स्टँडच्या बाजूच्या गल्लीत मला तो शब्द दिसला. ढब्बू अक्षरांत. मी आत गेलो. खिडकी होती, खिडकीत खाकी शर्ट होता.

"न्हावऱ्याची गाडी किती वाजता?" मी विचारलं.

"साडेचारची हाय. सुटती पावनेपाचला," पलीकडून ताबडतोब उत्तर आलं. "एक इचारलंस, आता दोन न इचारलेली ऐक. हात दाव."

मी हात पाठीमागे घेतला. सवयच होती.

"दाखला काढलाय का?"

"कसला?"

"शिकतोस का?"

"सोडलं. पेपर पूर्ण होत नाही."

मामा खुर्चीत पुढे सरकले. "तुला तासाला वीस मिंटं जादा हायेत, ठाव हाय का? तीन तासाच्या पेपराला वरचा एक तास तुझा. पायजे तर लिवनारा मानूस बी मिळतो."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. "कोण देतं?"

"देतं कोन न्हाई. हायेच तो तुझा. मागितला न्हाईस म्हनून पडून हाय."

मी तिथंच बाकावर बसलो. सहावीपासून बारावीपर्यंतचे सगळे पेपर डोळ्यांसमोर आले. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी कमी आहे. खरं तर कमी पडत होती ती माहिती. पावणेपाचची गाडी गेली. मामांनीच खिडकीतून सांगितलं, "न्हावरे, तुजी गाडी गेली. सव्वासाची हाय."

हे 'एक विचारलं की दोन न विचारलेली' म्हणजे मामांचा नियमच होता. कुणी कार्डाचं विचारायला आलं तर त्याला कार्डाबरोबर शाळेचं आणि प्रवासाचं सांगायचं. कुणी चाकाच्या खुर्चीचं विचारलं तर दाराच्या उंबऱ्याचं सांगायचं. लोक कंटाळायचे. मलाही हा नुसता बोलघेवडेपणा वाटायचा. मग एकदा मावशीनं मला कारण सांगितलं. मामांचा धाकटा भाऊ लहानपणी देवी येऊन आंधळा झाला होता. तो जन्मभर गावातच राहिला, कुठं गेला नाही. एसटीत अंधाला सवलत असते, त्याच्या सोबत्यालाही असते, हे त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आणि सख्खा भाऊ तर एसटीच्याच चौकशीत बसलेला. रोज हजार लोकांना सांगणारा.

मी धीर करून मामांना विचारलं, "तुम्ही भावाला सांगितलं का नाही?"

ते फळ्यावरचे रकाने पुसत होते. पुसतच राहिले. "त्यानं इचारलं न्हाई," ते म्हणाले. "खिडकीवर आला आसता तर सांगितलं आसतं." मग फडकं झटकत, "मला वाटायचं, त्याला कुठं जायाचंय."

एवढंच. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

दाखल्याची गाडी मी पाच थांब्यांत पार केली. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात वडील बरोबर आले होते. तपासणीचा कागद हातात पडला तेव्हा त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला आणि घडी न घालता, धोतराला लागणार नाही असा धरून घरापर्यंत आणला. आता राहिलं होतं ते कॉलेजातून अर्ज पाठवणं. त्यावर कॉलेजचा शिक्का लागतो. आणि इथं मामांची ती प्रसिद्ध तालीम सुरू झाली.

मामा कुणाबरोबर कुठल्याही कचेरीत जात नसत. कितीही रडलं तरी नाही. "मी आलो तर ते माझ्याशी बोलत्याल. तू काय, पिशवी हायेस का?" असं म्हणायचे. त्याऐवजी ते खिडकीत बसून कचेरीतला साहेब व्हायचे आणि आपण बाहेरून जाऊन काम मागायचं. मामा कसलेला खेकसणारा साहेब व्हायचे. "उद्या या!" "सायेब जेवायला गेल्यात!" "हे आमच्याकडं न्हाई, चार नंबरला!" "झेरॉक्स कुठाय? झेरॉक्सची झेरॉक्स कुठाय?" माणूस घाबरला की फळी खाली. पुन्हा रांगेत. तोवर रांगेतले बाकीचे सल्ले द्यायचे, "आरं, मान वर कर की", "आवाज काढ, जेवला न्हाईस का?" मी चार दिवस या खिडकीशी भांडलो. पाचव्या दिवशी मामा कितीही ओरडले तरी माझं वाक्य ढळेना. "जादा वेळेचा माझा अर्ज आहे. सोबत दाखला आहे. शिक्का कुठं मिळेल?" मामांनी फळीवर थाप मारली. "सुटली गाडी! जा."

मी कॉलेजात गेलो. आणि हात हलवत परत आलो.

कारण तिथं कुणी खेकसलंच नाही. कॉलेजातले क्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, अतिशय गोड माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली. हात हातात घेऊन बघितला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "अरे बाळा, तुला कशाला हे अर्जबिर्ज? पेपर तपासणारे माणसंच आहेत की. तुझी परिस्थिती समजून घेतात. उगाच वर कळवलं तर चौकशी लागते, तुझ्या मागं कटकट होईल. जा, निवांत अभ्यास कर." मला चहा पाजला. मी 'बरं भाऊसाहेब' म्हटलं आणि अर्ज पिशवीत घालून उठलो. दारात आलो तेव्हा कळलं की काम झालेलं नाही.

मी हे सगळं खिडकीत सांगितलं. मामा फळी पाडतील असं वाटलं. त्यांनी पाडली नाही. ते खिडकीतून उठून बाहेर आले. मी त्यांना कामाच्या वेळेत खिडकीबाहेर आलेलं पहिल्यांदा बघितलं.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. "तीस वर्षं मी खेकसनारीच मानसं बघितली. आन् खरं सांगायचं तर मीच त्यातला. गोड मानसाची तालीम घ्यायची ऱ्हाऊन गेली."

मग ते आत गेले आणि गोड साहेब व्हायला बसले. तो प्रकार बघायला टपरीवरचा चहावालासुद्धा किटली घेऊन आत आला. मामांनी घसा साफ केला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि माइकच्या आवाजात म्हणाले, "यावे. बसावे. आपली तब्येत बरी आहे का?"

रांग हसत सुटली. एक म्हातारे आबा हसून हसून कुबडीवरून घसरायला आले. "मामा, तुमी गोड बोलताय का गाडी रद्द झाल्याचं सांगताय?" चहावाला म्हणाला. मामांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तर ते 'बाळा' म्हणता म्हणता 'चला, पुढचा' म्हणाले.

"सरा बाजूला," मावशी म्हणाली. "तुमास्नी न्हाई जमायचं."

ती खिडकीत बसली. पदर नीट केला आणि माझ्याकडे मायेनं बघितलं. "आरं लेकरा," ती म्हणाली, "किती वाळलास रं. बस. जेवलास का? कशाला पायजे तुला जादा वेळ? तू काय कमी हायेस का दुसऱ्यापरीस? हुशार हाय माझं लेकरू. आन् आपला हात असा चारचौघांत दावायचा का सारखा? नगं, बरं दिसत न्हाई. जा घरी, आई वाट बघत आसंल."

"बरं मावशी," मी म्हणालो.

"गाडी चुकली!" मामा मागून ओरडले.

पुन्हा. पुन्हा चुकली. खेकसणाऱ्याशी भांडता येतं. डोळ्यांत पाणी आणून बोलणाऱ्याशी कसं भांडायचं? चौथ्या वेळेला मी मावशीलाच विचारलं, "तुम्हाला हे एवढं कसं जमतं?"

ती खिडकीत तशीच बसून होती, पण आवाज बदलला. "नऊ वरसं हेच ऐकलं की मी," ती म्हणाली. "लाडाची लेक हाय, घरीच ऱ्हाऊ द्या, कशाला साळंत कुचंबना. समदी गोड मानसं. एक बी वाईट न्हवतं त्यात. पोरगी मातर घरीच ऱ्हायली."

मग मामा हळू म्हणाले, "माया नगं म्हनू नगंस, न्हावरे. माया घ्यायची. पर तिच्या बदल्यात शिक्का सोडायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी पुन्हा खुर्ची दिली, पुन्हा बाळा म्हणाले. मी बसलो नाही. म्हणालो, "भाऊसाहेब, तुमची माया मला माहीत आहे. तपासणारे दया करतील, पण मला दयेचे मार्क नको आहेत. मला माझा तास पाहिजे. अर्जावर शिक्का द्या."

ते आधी हसले, मग उठले. कपाटातून एक जाड फाईल काढली, पानं उलटत राहिले, आणि एका परिपत्रकावर बोट ठेवून म्हणाले, "हे असतंय होय? आजवर कुणी मागितलंच नाही रे." त्यांनी शिक्का मारला, इतका जोरात की टेबलावरचा ग्लास हलला. ते वाईट नव्हतेच. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून दोन मुलांना मामांच्या खिडकीवर पाठवलं, आणि वर चिठ्ठी दिली, 'यांची तालीम नको, शिक्का तयार आहे.' मामांनी तरीही तालीम घेतली.

मला आज अभिमान वाटतो तो माझ्या पदवीपेक्षाही या खोलीचा. शिरूर-दौंडकडची माणसं ऊस, कांदा, दूध आणि इलेक्शन यांत हुशार, असं म्हणतात. ते खरंच आहे. पण याच मातीतल्या एका हट्टी म्हाताऱ्यानं आणि चौथी शिकलेल्या एका बाईनं लाकडी फळीच्या दोन्ही बाजूंना बसून किती माणसांची मान वर केली, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. आता शिरूरच्या खिडकीत मावशी बसते. तिची मुलगी सुट्टीत आली की खिडकीतून खुणांनी बोलते आणि रांगेतल्या लोकांना दोन-चार खुणा शिकवून जाते. मामा सत्तरी ओलांडूनही दर गुरुवारी एसटीनं दौंडला येतात, तिथं त्यांनी तशीच एक खिडकी थाटली आहे. मी शिकवतो ती शाळा जवळच आहे. दुपारच्या सुट्टीत मी जातो.

"काय काम हाय?" ते खिडकीतून विचारतात.

"काही नाही मामा, तुम्हाला भेटायला आलो."

"मग रांग सोड."

आभार मानायला आलेल्या माणसाला ते उभं करत नाहीत. 'आभाराला रांग न्हाई' असं दौंडच्या खिडकीवर लिहूनच ठेवलंय. ज्याला काही कळवायचं असेल त्यानं ते लिहून टपालानं पाठवायचं, काय झालं तेवढंच लिहायचं, कौतुक लिहायचं नाही. अशी पत्रं ते एका तारेत ओवून ठेवतात आणि नव्या माणसाला हवं ते काढून वाचायला देतात. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी मीही एक पत्र लिहिलं होतं. निकाल लागायचा होता, तरी थांबवलं नाही. ते असं:

तीर्थस्वरूप मामांस,

शि. सा. न. वि. वि.

आज इतिहासाचा पेपर झाला. तुम्ही म्हणता तसं, काय झालं तेवढंच लिहितो.

लिहिणारा माणूस मी घेतला नाही. मीच लिहिलं. दोन वाजता घंटा झाली, सगळ्या मुलांनी पेपर दिले. वर्गावर नवीन मॅडम होत्या. त्या माझ्याही पेपराला हात घालायला आल्या. मी पेपरावर हात ठेवला, उजवा. म्हणालो, मॅडम, माझी वेळ तीन वाजेपर्यंत आहे, मंजुरीचं पत्र केंद्रसंचालकांकडे आहे. माझा आवाज थोडा कापला, पण वाक्य पूर्ण झालं. त्या जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, लिही.

मग वर्गात मी एकटाच होतो. शिपाई दारात बसले होते. बाहेर मुलं पेपराविषयी बोलत होती ते ऐकू येत होतं, पण मी कान दिला नाही. मामा, शेवटचा प्रश्न मी आजवर नेहमी घरी येऊन वाचलाय. आज तो वर्गात बसून वाचला. मला येत होता. मी तो पूर्ण लिहिला, मुद्दे पाडून लिहिला, आणि खाली रेघ मारली.

घड्याळात बघितलं तर तीनला पाच मिनिटं कमी होती.

मॅडम म्हणाल्या, झालं का? देतोस?

मी म्हणालो, नाही मॅडम, माझी पाच मिनिटं आहेत.

त्या म्हणाल्या, काही राहिलंय का?

मी म्हणालो, नाही. काहीच राहिलं नाही.

मग मी तीन वाजेपर्यंत नुसता बसून राहिलो.